ऐंशी ते नव्वदच्या मधली मुलं

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीचा निकाल लागला की नव्व्याण्णव पर्सेंटाईलवाल्यांच्या घरी पेढे येतात. सीओईपी, व्हीजेटीआय, पीआयसीटी ही नावं त्यांच्यासाठी तयारच असतात, कम्प्युटर मिळणार की ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) एवढाच प्रश्न उरतो. ऐंशी ते नव्वदच्या मधल्या मुलांचं तसं नसतं. "ठीक आहेत", "बघू काय मिळतंय ते" असं म्हणून घर गप्प होतं. हे "मिळतंय ते" मला फार खटकतं. मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला गणित शिकवते आणि माझ्यासमोर बसणारी बहुतेक मुलं याच पट्ट्यातली असतात. जून-जुलैत नातेवाईक, शेजारी, जुन्या विद्यार्थ्यांची भावंडं लॅपटॉप घेऊन घरी येतात. त्यातल्या प्रत्येकाला मी हेच सांगते की निवडायला सगळ्यांत जास्त वाव तुलाच आहे. वरच्या मुलांना पाच-सहा कॉलेजांतून एक उचलायचं असतं. तुझ्यापुढे पर्यायांची रांग आहे आणि तिच्यात चांगलं-वाईट इतकं सरमिसळ झालेलं आहे की जो नीट बघेल त्याला खरोखर चांगलं कॉलेज हाती लागतं.

पण बघायचं काय, हे त्याला कोणी सांगत नाही. तो कट-ऑफ बघतो, म्हणजे गेल्या वर्षी शेवटचा प्रवेश कितीवर झाला तो आकडा. घरचेही कट-ऑफच बघतात.

आधी त्या आकड्याचंच बोलू. ८५ पर्सेंटाईल म्हणजे ८५ टक्के गुण नव्हेत, तर परीक्षा दिलेल्या शंभरातली साधारण ८५ मुलं मागे, हे आता बहुतेकांना कळतं. पण दर वर्षीचे ८५ सारखे नसतात, हे पटकन लक्षात येत नाही. २०२४ साली पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुपची परीक्षा दिलेली मुलं तीन लाखांच्या आसपास होती, २०२५ साली ती चार लाखांच्या वर गेली. म्हणजे ८५ पर्सेंटाईलच्या मुलाच्या पुढे एका वर्षी साधारण पंचेचाळीस हजार मुलं होती, तर पुढच्याच वर्षी साठ हजारांहून जास्त. दरम्यान राज्यातल्या इंजिनिअरिंगच्या जागाही वाढल्या, त्या आता दोन लाखांच्या घरात आहेत. त्यामुळे गेल्या वर्षीचा कट-ऑफ ८४.२ होता, माझे ८४.९ आहेत, म्हणजे मिळालंच, असा हिशोब करता येत नाही. ही परीक्षा घेणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलच्या कट-ऑफच्या यादीत पर्सेंटाईलसोबत मेरिट नंबर, म्हणजे गुणवत्ता यादीतला क्रमांकही छापलेला असतो. दोन्ही बघावेत, आणि एकाच वर्षाची यादी न बघता निदान दोन-तीन वर्षांच्या याद्या शेजारी-शेजारी उघडून ठेवाव्यात.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की कट-ऑफ म्हणजे त्या जागेवर प्रवेश मिळालेला शेवटचा विद्यार्थी. ती जागा किती जणांना हवी होती, एवढंच त्यावरून कळतं. ती का हवी होती, हे कळत नाही. कॉलेज स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे म्हणून मागणी वाढते. पुण्यात आहे, आयटी पार्क जवळ आहे म्हणून वाढते. मोठा भाऊ तिथे होता म्हणून वाढते. जिल्ह्याच्या ठिकाणचं, हायवेपासून आत असलेलं, पंचवीस-तीस वर्षं तेच शिक्षक टिकून असलेलं एखादं कॉलेज याच कारणांनी दहा पर्सेंटाईल खाली राहतं. वर्गात काय शिकवलं जातं याचा त्या आकड्याशी असलेला संबंध फार पातळ असतो, आणि मधल्या पट्ट्यात तर तो जवळपास तुटतोच. मी हे ठामपणे म्हणते, कारण वेगवेगळ्या कॉलेजांतून बदली होऊन आलेले सहकारी, बाहेरून परीक्षक म्हणून पाहिलेल्या प्रयोगशाळा आणि तिथल्या ओरलला, म्हणजे तोंडी परीक्षेला उत्तरं देणारी मुलं माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

इतके पर्याय आले कुठून, हेही थोडं माहीत असावं. सीओईपी १८५४ सालचं, व्हीजेटीआय १८८७चं, सांगलीचं वालचंद १९४७चं, कराडचं शासकीय कॉलेज १९६०चं. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि पुढे तालुक्या-तालुक्यांत कॉलेजं उभी राहिली. काहींनी पहिल्या पिढीतच नाव कमावलं. काहींनी इमारती बांधल्या आणि माणसं उभी केली नाहीत. नंतरच्या काळात जागा रिकाम्या राहून काही बंदही पडली. जी टिकली ती कशाच्या जोरावर टिकली, हे प्रत्येक कॉलेजाच्या बाबतीत वेगळं आहे, आणि तेच शोधायचं असतं.

आमच्या शेजारच्या मुलीची गोष्ट सांगते. तिला सत्त्याऐंशीच्या आसपास पर्सेंटाईल. वडिलांनी कट-ऑफच्या उतरत्या क्रमाने यादी करून आणली होती. "ताई, एवढी तपासून द्या, म्हणजे भरून टाकतो." मुलगी शेजारी बसून होती. तिला विचारलं, यातली कुठली कॉलेजं तू पाहिली आहेस? एकही नाही. मग म्हटलं, यादी बाजूला ठेवा, आधी तीन-चार कॉलेजं बघून या. आणि ती बघायची तर प्रवेशाच्या मार्गदर्शन शिबिराच्या दिवशी नको. त्या दिवशी रांगोळ्या असतात. साध्या मंगळवारी किंवा बुधवारी, दुपारी दोननंतर जा, प्रॅक्टिकल चालू असतात तेव्हा. मला सुट्टी होती म्हणून मीही बरोबर गेले.

पहिलं कॉलेज शहरातलं, तिच्या यादीत बरंच वर. काचेची इमारत, स्वागतकक्षात पॅकेजांचे फलक. इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोप ओळीने मांडलेले, नवे कोरे, आणि त्यातल्या बहुतेकांच्या पडद्यांवर कारखान्यातून आलेलं पातळ प्लॅस्टिक तसंच होतं. एका टेबलाभोवती दहा-बारा मुलं उभी, दोघं ब्रेडबोर्डवर वायरी लावत होती आणि बाकीची मागच्या बॅचच्या जर्नलमधून रीडिंग उतरवून घेत होती. मॅनेजमेंटला नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. जागा वाढल्या आणि शिकवणारी माणसं वाढली नाहीत की असंच होतं.

दुसरं कॉलेज तालुक्याच्या गावाबाहेर, यादीत खूप खाली. कंपाऊंडला रंग नव्हता. वर्कशॉपमध्ये शिरलो तर लेथच्या हँडलांना हाताळून हाताळून काळपट चकाकी आलेली. भिंतीवर एक फळा, त्यावर प्रत्येक मशीनचा नंबर आणि शेवटचं ऑईलिंग कधी झालं ती तारीख खडूने लिहिलेली. चार नंबरच्या लेथचा चक, म्हणजे जॉब पकडून ठेवणारा भाग, काढून ठेवला होता. तो का काढलाय, हे वर्कशॉप असिस्टंटने मुलीला विचारायच्या आधीच समजावून सांगितलं, त्याचे जॉ (पकडणारे जबडे) कसे झिजतात ते बोट लावून दाखवलं. तिला मेकॅनिकल घ्यायचं नव्हतं, तरी ती दहा मिनिटं तिथेच उभी होती. लायब्ररीत पुस्तकांच्या मागे चिकटवलेल्या इश्यूच्या चिठ्ठ्यांवर तारखा दाटीवाटीने मारलेल्या होत्या.

कॅन्टीनमध्ये मुलांशी बोलायला मी तिला एकटीलाच पाठवलं. मोठी माणसं सोबत असली की मुलं "छान आहे कॉलेज" म्हणून मोकळी होतात. तिला एकच प्रश्न शिकवून ठेवला होता: मागच्या सेमिस्टरला डेटा स्ट्रक्चर्स कोणी शिकवलं, आणि ते सर किंवा मॅडम सेमिस्टर संपेपर्यंत होते का? या प्रश्नावर कॉलेजाची खरी प्रकृती कळते. ज्या कॉलेजात पगार महिनोन्महिने थकतात तिथे चांगला शिक्षक मध्येच सोडून जातो, उरलेला विषय दुसरं कोणी तरी पीपीटी दाखवून संपवतं, आणि मुलं परीक्षेच्या आदल्या आठवड्यात यूट्यूबवर शिकतात. "प्लेसमेंट कशी आहे?" या प्रश्नाला मात्र सगळीकडे सारखंच उत्तर मिळतं.

प्लेसमेंटचं खरं चित्र बघायला एक बरी जागा आहे, आणि ती फारशी कोणी उघडत नाही. एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत भाग घेणारं प्रत्येक कॉलेज आपली माहिती भरून देतं आणि ती सगळ्यांना बघता येते. क्रमांक किती लागला, हे बाजूला ठेवा. त्या माहितीत किती मुलांनी प्रवेश घेतला, ठरलेल्या वर्षांत किती पास होऊन बाहेर पडली, किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेली आणि नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार किती, हे वर्षवार दिलेलं असतं. मध्यक म्हणजे पगार चढत्या क्रमाने मांडले तर बरोबर मधल्या मुलाचा. फलकावर झळकणारं सर्वोच्च पॅकेज एकाचं असतं; मध्यकावरून तुमच्यासारख्या मुलाला काय मिळतं ते कळतं. हे आकडे कॉलेजानेच भरलेले असतात, त्यामुळे डोळे झाकून विश्वास ठेवू नये. तरीही माझी नजर पगाराच्या आधी "ठरलेल्या वर्षांत पास" या रकान्यावर जाते. तीनशे मुलं आत घेऊन त्यातली जेमतेम निम्मी वेळेत बाहेर पडत असतील तर बाकीची वायडी (वर्ष वाया जाणं) आणि बॅकलॉगमध्ये (राहिलेले विषय) अडकली आहेत, आणि लाईव्ह बॅकलॉग, म्हणजे अजून न सुटलेला विषय असलेल्या मुलाला बऱ्याच कंपन्या कॅम्पसच्या दारातच थांबवतात.

नॅक आणि एनबीए या मूल्यांकन करणाऱ्या दोन संस्थांतही गल्लत होते. नॅकचं मूल्यांकन अख्ख्या संस्थेचं असतं, एनबीएचं त्या त्या ब्रांचचं. कॉलेजाला एनबीए आहे असं कोणी म्हणालं तर कुठल्या ब्रांचला आणि कधीपर्यंत, हे विचारावं. पुष्कळदा मेकॅनिकलला असतं आणि ज्या नव्या ब्रांचला आपलं मूल घालायचं असतं तिला अजून मिळालेलं नसतं.

ब्रांच की कॉलेज हा वाद तर प्रत्येक घरात होतो. तांत्रिक शिक्षणाची केंद्रीय परिषद असलेल्या एआयसीटीईने २०२४-२५पासून चांगली कामगिरी असलेल्या कॉलेजांसाठी एका ब्रांचमधल्या जागांची कमाल मर्यादा काढून टाकली. कम्प्युटर, आयटी, एआय-डीएस (एआय आणि डेटा सायन्स), एआय-एमएल (एआय आणि मशीन लर्निंग), सायबर सिक्युरिटी अशा नावांच्या तुकड्या झपाट्याने वाढल्या. नावं वेगळी असली तरी पहिलं वर्ष जवळपास सारखंच असतं, दुसऱ्या वर्षाचे मुख्य विषयही बरेचसे तेच असतात, आणि बहुतेक ठिकाणी शिकवणारी माणसं कम्प्युटर विभागातलीच असतात. त्यामुळे एआय-डीएस मिळालं म्हणून हरखायचं कारण नाही आणि साधं आयटी मिळालं म्हणून रडायचंही नाही. माझं मत विचाराल तर कोडिंगची मनापासून ओढ असलेल्या मुलाने कम्प्युटरच्या कुळातली कुठलीही ब्रांच, शिक्षक टिकून असलेल्या कॉलेजात घ्यावी. ज्याला अजून काहीच ठरवता येत नाही त्याने इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, सिव्हिल, इन्स्ट्रुमेंटेशन यांकडे पाठ फिरवू नये. मधल्या पर्सेंटाईलवर या ब्रांचेसमध्ये चंद्रपूर, जळगाव, यवतमाळसारख्या शासकीय कॉलेजांची दारं कधीकधी उघडतात. तिथली फी खाजगीच्या तुलनेत अगदीच कमी असते, आणि बँकेचं कर्ज न काढता झालेल्या डिग्रीमुळे पुढे एमटेकच्या प्रवेशासाठीची गेट परीक्षा देणं, एमटेक करणं, एखादं वर्ष पीएसयूची (सरकारी कंपन्यांतल्या नोकरीची) तयारी करणं या गोष्टी घराला झेपतात. कर्जाच्या हप्त्यापायी आपल्याला नको असलेली पहिलीच नोकरी पकडलेली मुलं मी पाहिली आहेत. हुशार मुलं होती ती.

दुसऱ्या वर्षाला ब्रांच बदलून मिळेल या भरवशावर मात्र प्रवेश घेऊ नये. बदल मिळतो तो रिकाम्या जागेवर आणि पहिल्या वर्षाच्या गुणांवर, आणि कम्प्युटरची जागा रिकामी होणं दुर्मीळ.

कट-ऑफच्या यादीतले संकेत वाचायला शिकलं तरी कितीतरी फरक पडतो. जी ओपन, एल ओपन अशी अक्षरं असतात. जी म्हणजे सर्वसाधारण जागा. एल म्हणजे मुलींसाठीच्या जागा, ३० टक्के आरक्षणातल्या. शेवटचं अक्षर एच असेल तर होम युनिव्हर्सिटी, ओ असेल तर त्या हद्दीबाहेरच्यांसाठी, एस असेल तर राज्य पातळीवरची जागा. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत ७० टक्के जागा होम युनिव्हर्सिटीच्या मुलांना असतात, आणि ती ठरते बारावी जिथून केली त्यावरून. साताऱ्यात बारावी केलेल्या मुलाने पुण्यातल्या कॉलेजाचा एचचा कट-ऑफ बघून आशा धरण्यात अर्थ नाही, त्याची होम युनिव्हर्सिटी शिवाजी विद्यापीठ. शेजारच्या मुलीचे वडील सगळीकडे जी ओपनचाच आकडा बघत होते. एलची ओळ दाखवली तेव्हा तिच्या यादीत वरची काही नावं नव्याने आली.

कॅपचा (शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा) ऑप्शन फॉर्म भरताना आपल्या पसंतीचा क्रम प्रामाणिकपणे लावायचा. "हे मिळणारच नाही, मग कशाला वर टाकू?" असं पालक म्हणतात. वर टाकल्याने खालचं जात नाही. यंत्रणा तुमच्या यादीत वरून खाली येते आणि गुणवत्तेनुसार मिळू शकणारी पहिली जागा देते. पण याची दुसरी बाजूही आहे. २०२५ साली चार फेऱ्या झाल्या, आणि पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी एखादा मिळाला तर तो घ्यावाच लागेल असा नियम होता. तसं मिळाल्यावर बेटरमेंटची, म्हणजे पुढच्या फेरीत वरच्या पसंतीसाठी थांबण्याची सोय नव्हती. तेव्हा वरच्या सहा ओळींत फक्त नावासाठी टाकलेलं, जिथे जायची आपली तयारीच नाही असं कॉलेज नको. त्या त्या वर्षीची माहिती पुस्तिका वाचावी, नियम बदलतात.

अंतराचा विचार तर लोक शेवटी करतात. मुलगा रोज दोन तास जाऊन दोन तास येणार असेल तर तो संध्याकाळी सातला घरी पोचतो आणि जेवून झोपतो. असाइनमेंट गाडीत, सबमिशनची फाईल रात्री बारानंतर. प्रोजेक्ट, क्लब, हॅकेथॉन, लायब्ररी हे सगळं चार वाजल्यानंतर घडतं आणि तेव्हा तो फलाटावर असतो. पाच पर्सेंटाईल खालचं पण पायी जाता येईल असं कॉलेज, किंवा बरं हॉस्टेल असलेलं लांबचं कॉलेज, मी त्या वरच्या कॉलेजापेक्षा पसंत करीन.

पैशांबद्दल थोडंसं, पण मनापासून. खाजगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती सगळ्यांना बघता येते. आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी वेव्हर स्कीम) या योजनेच्या जागा असतात, तिथे शिक्षण शुल्क माफ. खुल्या गटातल्या आर्थिकदृष्ट्या मागास मुलांना राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं, आणि २०२४-२५पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी गटांतल्या, त्याच उत्पन्न मर्यादेतल्या मुलींचं पूर्ण शिक्षण शुल्क शासन भरतं. मात्र यासाठी कॅपमधून प्रवेश हवा. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून "सीट ब्लॉक करा, नंतर मिळणार नाही" असे फोन येतात. इन्स्टिट्यूट लेव्हलच्या, म्हणजे कॉलेज कॅपबाहेर स्वतः भरतं त्या जागेसाठी घाईने पैसे भरले की या सवलती हातच्या जातात. मंजूर फीच्या वर पैसे मागणं १९८७च्या कायद्याने गुन्हा आहे. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता हे कागद मे महिन्यातच जमवायला घ्यावेत. निव्वळ एका दाखल्यापायी हक्काची जागा गेलेल्या घरातलं दुःख फार जिवाला लागतं.

शेजारच्या मुलीने शेवटी यादी स्वतः केली. वडिलांनी त्यात दोन नावं खाली-वर केली, तिने ती परत जागच्या जागी नेली. तिला मिळालं ते तिच्या यादीतलं पाचवं कॉलेज, आयटी, हॉस्टेल कॉलेजाच्या आवारातच.

आता माझ्या विषयाचं सांगते, कारण इथून पुढचं काम माझ्यासारख्यांचं. पहिल्या सेमिस्टरला मुलं सगळ्यांत जास्त अडकतात गणितात. सीईटीला पर्याय समोर असतात, उलटे घालून बघितले की उत्तर निघतं, आणि दोन वर्षं तेच केल्याने पायऱ्या लिहायची सवयच मोडते. मग पार्शल डिफरन्सिएशनच्या गणितात हुशार मुलगाही तिसऱ्या ओळीत थांबतो. त्याला येत असतं, पण मांडता येत नाही. म्हणून प्रवेश पक्का झाल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंतच्या आठवड्यांत बारावीचं पुस्तक पुन्हा उघडायचं, डिफरन्सिएशन, इंटिग्रेशन आणि मॅट्रिक्स एवढेच धडे घ्यायचे आणि रोज चार-पाच गणितं पर्यायांशिवाय, पूर्ण पायऱ्यांनी वहीत उतरवायची. शेजारची मुलगी सध्या तेच करते आहे. परवा इंटिग्रेशन बाय पार्ट्समध्ये कुठलं फंक्शन पहिलं घ्यायचं आणि का, हे विचारायला आली होती. नियम तिला पाठ होता, कारण हवं होतं. तासभर बसलो आम्ही.